लोकांना विचारायचं ते विषय ठरण्याआधी

प्रश्न : मी सामुदायिक आरोग्यात पीएच.डी. करतो आहे. विषय शेतमजुरांच्या आरोग्याचा, मुख्यतः फवारणीचा. प्रस्तावाच्या नमुन्यात 'लोकसहभाग' असा एक रकाना आहे आणि त्यात काय लिहायचं ते समजत नाही. खरं सांगायचं तर संशोधन कशावर करायचं हे सामान्य लोकांनी ठरवावं, हेच मला पटत नाही. त्यांना विज्ञानातलं काय कळणार? आणि विचारायचंच असेल तर कुणाला, केव्हा आणि कसं?

उत्तर :

तुम्ही शंका उघडपणे विचारलीत ते बरं झालं. या रकान्यात बहुतेक जण 'गावात जनजागृती मेळावा घेण्यात येईल' एवढं एक वाक्य लिहून पुढे जातात. मेळाव्यात तुम्ही बोलता आणि लोक ऐकतात. त्यातून तुमचा विषय तसूभरही बदलत नाही.

आधी कामाची वाटणी करू. नमुना किती मोठा घ्यायचा, तुलनेसाठी कोणता गट ठेवायचा, कोणती सांख्यिकी पद्धत वापरायची, हे तुमचं काम. ते ग्रामसभेत ठरवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण शोध कशाचा घ्यायचा, त्यातही आधी कशाचा, आणि माणूस बरा झाला हे कशावरून मोजायचं, या तीन बाबतींत आजार भोगणाऱ्याला जे ठाऊक असतं ते तुम्हा-आम्हाला नसतं. ते त्याला विचारायची वेळ एकच, विषय कागदावर उतरण्याआधीची. शिवाय पैसा त्याचाच आहे. भारतात संशोधनावर देशाच्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च होतो आणि त्यातला निम्म्याहून बराच जास्त सरकारी तिजोरीतून येतो. इतक्या तुटपुंज्या रकमेत आधी कशाला हात घालायचा, हे काही विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर मी नेहमी गडचिरोलीपासून सुरुवात करते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ साली तिथे कामाला गेले. दोघेही अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. आदिवासी जिल्हा म्हणून त्यांनी सुरुवातीला सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला आणि हा आजार जिल्ह्यात आहे हे पुराव्यानिशी दाखवलं. वैज्ञानिक दृष्टीने निष्कर्ष मोलाचा होता, पण तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता आणि मिळालेल्या उत्तराचा त्यांना तेव्हा काही उपयोगही नव्हता. हे अभय बंग यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. ज्यांनी हा अभ्यास केला त्यांनीच हे सांगावं, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच सुमारास बायका राणीताईंकडे येऊन वेगळंच सांगत होत्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पाळीचा त्रास होतो. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई. जी बाई गरोदर नाही तिच्या दुखण्याला कोणत्याच कार्यक्रमात जागा नव्हती, आणि म्हणून त्यावर गावपातळीवरचं संशोधनही जवळजवळ नव्हतं. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, दर बाईमागे सरासरी साडेतीनहून अधिक आजार होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. पुढच्या काही वर्षांत जगभर 'माता आरोग्या'च्या जागी 'प्रजनन आरोग्य' असा व्यापक विचार रुजला, त्यात या अभ्यासाचा वाटा मानला जातो. विषय आला बायकांच्या तक्रारीतून. पद्धत मात्र काटेकोर वैज्ञानिक होती, आणि ती तशी नसती तर 'लॅन्सेट'ने दारात उभं केलं नसतं.

गडचिरोलीत लोकांना विचारल्यावर आणखी काय काय आलं तेही ऐका. दवाखाना कसा हवा, असं विचारलं तेव्हा आदिवासींनी सांगितलं की मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात, आणि नातेवाइकांना बाहेर ठेवतात तिथे आम्ही राहणार नाही. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरातलं रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखं बांधलं गेलं आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं. आरोग्याचा मोठा प्रश्न कोणता, असं विचारलं तर बायकांनी दारूचं नाव घेतलं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या कोणत्याही विभागाने तो विषय पहिल्या पाचात धरला नसता. त्यातून सर्वेक्षण झालं, चळवळ झाली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. बंदीचा परिणाम किती झाला यावर वाद घाला, तो वैध वाद आहे. पण प्रश्नाची निवड चुकीची होती असं आजवर कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता परदेशातलं एक काम, कारण ते अधिक पद्धतशीर आहे आणि तुम्हाला त्यातून थेट उचलता येईल असं बरंच काही आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली 'जेम्स लिंड अलायन्स' सुरू झाली. जहाजावरच्या खलाशांचा स्कर्व्ही लिंबू-संत्र्यांनी बरा होतो का, हे १७४७ मध्ये तुलना करून पाहणाऱ्या डॉक्टरचं नाव तिला दिलं आहे. एका आजाराचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे घरचे लोक आणि उपचार करणारे डॉक्टर-नर्स एकत्र येतात. 'या आजाराबद्दल तुम्हाला कशाचं उत्तर हवं आहे?' असं सगळ्यांना मोकळेपणाने विचारतात. शेकड्यांनी प्रश्न येतात. मग माहीतगार लोक ते पडताळून ज्यांची उत्तरं आधीच मिळाली आहेत ते बाजूला काढतात. उरलेल्यांची छाटणी होत होत शेवटी एका टेबलाभोवती बसून पहिले दहा ठरतात. आजवर असे १०० हून अधिक उपक्रम झाले आहेत. मला त्यातला एक नियम फार आवडतो, ज्यांना त्या विषयात पुढे निधी मिळू शकतो अशा निव्वळ संशोधकांना या क्रमवारीत मत नसतं. ते ऐकू शकतात, माहिती देऊ शकतात, मत देऊ शकत नाहीत.

अशा चौदा याद्यांची तुलना नोंदणी झालेल्या प्रत्यक्ष चाचण्यांशी करणारा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून सुचवलेल्या उपचारांमध्ये औषधं आणि लसी होत्या १८ टक्के. ब्रिटनमधल्या बिगर-व्यापारी चाचण्यांत त्यांचं प्रमाण ३७ टक्के होतं आणि कंपन्यांच्या चाचण्यांत ८६ टक्के. लोक व्यायाम, आहार, मानसिक आधार, पुनर्वसन आणि आहेत त्या औषधांचे दीर्घकाळचे दुष्परिणाम यांबद्दल विचारत होते. अलायन्सच्या सुरुवातीच्या उपक्रमांपैकी एक दम्याचा होता, आणि त्यात वर आलेल्या प्रश्नांत वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेण्याचे परिणाम आणि श्वसनाचे व्यायाम होते. श्वसनाच्या व्यायामात कोणत्याही कंपनीचा नफा नाही. पुढे ब्रिटनच्या सरकारी निधीतून त्यांवर मोठी चाचणी झाली आणि व्यायामांनी रुग्णांचं रोजचं जगणं सुधारतं असं दिसलं.

'काय मोजायचं' हा मुद्दा वर मी ओझरता सांगितला, त्यावर थोडं थांबते, कारण तरुण संशोधक इथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजावं हे ठरवणारा 'ओमेरॅक्ट' नावाचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट आहे. सुजलेले सांधे, दुखणारे सांधे, वेदना, रक्ततपासणी, अशी त्यांची ठरलेली यादी होती. २००२ च्या बैठकीत पहिल्यांदा रुग्णांना बरोबरीने बसवलं. रुग्ण म्हणाले, आम्हाला सगळ्यात जास्त छळतो तो थकवा, आणि तो तुमच्या यादीतच नाही. तोवर कितीतरी वर्षं चाचण्या झाल्या होत्या. सांधे मोजले गेले आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही ही तक्रार कोणी नोंदवलीच नाही. नंतर थकवा मोजायची शिफारस झाली. हे ज्ञान प्रयोगशाळेत कुठल्याही उपकरणाने मिळालं नसतं.

'त्यांना काय कळणार' या तुमच्या आक्षेपाला मी एड्सचं उदाहरण देते. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एड्सच्या रुग्णांनी आणि त्यांच्या साथीदारांनी औषध प्रशासनाच्या मुख्यालयासमोर धरणं धरलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून महत्त्वाचं काम त्यांनी शांतपणे केलं. विषाणूशास्त्र आणि चाचण्यांचे आराखडे स्वतः शिकले आणि संशोधकांच्या बैठकांत जाऊन बसले. सगळं लक्ष विषाणूवर होतं. रुग्ण सांगत होते की आमची माणसं आज मरताहेत ती न्यूमोनियाने, तो टाळायच्या औषधावर काम करा. मोठ्या संस्था हलेनात तेव्हा न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वस्तीपातळीवरच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून फवाऱ्याच्या रूपात घ्यायच्या पेंटामिडीन औषधाची चाचणी उभी केली, आणि १९८९ मध्ये तिच्या आधारावर त्या वापराला मान्यता मिळाली. जिवावर बेतलं की माणूस शिकतो. आपल्याकडे मधुमेह असलेली चौथी शिकलेली आजी आपल्या साखरेच्या चढउताराबद्दल जे नेमकेपणाने सांगते ते ऐकलं, की हेच दिसतं.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते नाकारणारे लोक या कामाचं नुकसान करतात. २००९ मध्ये इटलीतल्या एका डॉक्टरने मांडलं की मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं मूळ मानेतल्या अरुंद झालेल्या नसांत आहे आणि त्या रुंद केल्या की आराम पडतो. कॅनडात रुग्णांनी त्यासाठी प्रचंड दबाव आणला. हजारो जण उपचारासाठी परदेशी गेले, त्यातले काही भारतातल्या रुग्णालयांतही आले. तज्ज्ञांना शंका असतानाही सरकारने चाचणीला पैसे दिले आणि २०१७ मध्ये उपचाराचा उपयोग नाही असं सिद्ध झालं. हा पैसा वाया गेला असं म्हणणारे आहेत. माझं मत वेगळं आहे : लोक जिवाची जोखीम घेऊन तो उपचार घेतच होते, तेव्हा त्याचा निकाल लावणं गरजेचं होतं. पण यातून एक धडा पक्का घ्यायचा. जो गट मोठ्याने बोलतो, ज्याच्याकडे पैसा आणि समाजमाध्यमांची ताकद आहे, त्याचा प्रश्न आपोआप लोकांचा प्रश्न ठरत नाही. विचारायची पद्धत अशी हवी की न बोलणाऱ्याचाही आवाज यावा.

मूलभूत विज्ञानाचं गणित निराळं. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जुन्नर तालुक्यात मतदान घेऊन ती झाली नसती, आणि न होणं हे आपलं सगळ्यांचं नुकसान ठरलं असतं. तिथे कोणत्या ताऱ्याकडे बघायचं हे खगोलशास्त्रज्ञांनीच ठरवावं. मात्र जमीन कोणाची जाते, आसपास कोणत्या उद्योगांवर बंधनं येतात, हे लोकांशी बोलूनच व्हायला हवं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातली न्यूट्रिनो प्रयोगशाळा स्थानिक विरोधामुळे अडली, तो विरोध भौतिकशास्त्राला नव्हता, डोंगर पोखरण्याला होता. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' प्रयोगशाळा उभी राहते आहे. तिथल्या गावांशी बोलणं पहिल्या दिवसापासून झालं तर फार बरं.

वेळेबद्दल मी इतका आग्रह का धरते, ते बीटी वांग्यावरून कळेल. अळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल करून जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या या वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तांत्रिक समितीने हिरवा कंदील दिला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात होती. सगळ्या मिळून सुमारे ८,००० लोक आले आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती जाहीर झाली. लोकांना विचारलं हे चांगलंच झालं. पण तोवर वाण तयार होतं, वर्षं आणि पैसा खर्च झाला होता, आणि सभागृहात उरले होते दोनच पर्याय, हो किंवा नाही. शेंडे-फळे पोखरणाऱ्या अळीवर कोणकोणत्या मार्गांनी संशोधन करता येईल आणि त्यातल्या कशाला पैसा द्यायचा, हा प्रश्न पंधरा वर्षं आधी वांगी उत्पादकांसमोर मांडला असता तर त्या सुनावण्यांत एवढी कटुता दिसली नसती, असं मला मनापासून वाटतं. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या आपल्या नैतिकता समित्यांचं थोडंफार असंच आहे. तिथे एक सामान्य नागरिक सदस्य असावाच लागतो, पण त्याच्या हातात प्रस्ताव पडतो तो लिहून झाल्यावर. संमतिपत्रातली भाषा सोपी करा, एवढं तो सांगू शकतो. विषयच दुसरा घ्या, हे त्याला सांगता येत नाही.

आता तुमच्या कामाकडे येते. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून या विषयावर विद्यार्थी येतात आणि बहुतेकांच्या हातात एकच आराखडा असतो : मजुरांना संरक्षक साधनांची माहिती किती, दृष्टिकोन कसा, वापर किती. निष्कर्षही आधीच ठरल्यासारखा, जनजागृती वाढवा. तुम्ही एकदा फवारणी करणाऱ्यांमध्ये बसा. मी बसते तेव्हा मला ऐकू येतं ते असं : किट मिळालं आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात कपाशी डोक्याला लागते तिथे ते अंगात घालून अर्धा तासही उभं राहता येत नाही, चक्कर येते, ती औषधाची की उन्हाची तेच समजत नाही. बायका म्हणतात, पंप पुरुषांच्या पाठीवर असतो, पण पाणी आणणं, औषध कालवणं आणि ते कपडे धुणं आमच्याकडे असतं, आमची तपासणी कोण करतो? यात तुम्हाला निदान तीन चांगले प्रश्न दिसतील. आपल्या हवामानात घालता येईल असा पोशाख कोणता? विषबाधा आणि उष्माघात यांतला फरक शेतावरच ओळखता येईल का? आणि फवारणी न करणाऱ्या घरच्या बायकांच्या शरीरात किती विष जातं? माहिती-दृष्टिकोन-वापर या पाहणीतून यातला एकही वर आला नसता.

विचारायचं कसं, त्याबद्दल माझ्या अनुभवातलं सांगते. फक्त ग्रामसभेत विचारू नका. तिथे सरपंच आणि दोन-चार बोलके पुरुष बोलतात, बायका मागे उभ्या राहतात आणि मजूर येतच नाहीत. बचत गटाच्या बैठकीत जा, दलित वस्तीत आणि पाड्यावर वेगळं बसा. वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवा. वेचणीच्या दिवसांत जाऊ नका, आणि दिवसा बोलावलंत तर बुडालेली मजुरी द्या. आशाताईंची मदत घ्या, पण बैठक त्यांच्यावर सोडून देऊ नका, त्यांच्यासमोर आरोग्यकेंद्राची तक्रार करायला लोक बिचकतात. तक्रार ज्या शब्दांत येते त्याच शब्दांत लिहा, लगेच वैद्यकीय भाषेत बसवू नका. क्रम लावायला मी चिंचोके देते, प्रत्येकीला दहा, आणि समोर कागदावर चित्रांनी प्रश्न मांडते. सात चिंचोके एकाच प्रश्नावर ठेवणारी बाई काय सांगते आहे ते हात वर करून घेतलेल्या मतदानात कधीच कळत नाही. डॉक्टर आणि मजूर एकाच बैठकीत असतील तर प्रत्येकाने आपला क्रम आधी एकट्याने लावून आणावा, नाहीतर डॉक्टर बोलले की बाकीचे माना डोलावतात.

येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या तरी संशोधनाच्या नसतील. 'दवाखान्यात रात्री कोणी नसतं' याला संशोधन नको, माणूस हवा. अशा मागण्या बाजूला टाकू नका, लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि दिल्याची पोच गावात दाखवा. काहींची उत्तरं विज्ञानाला आधीच माहीत असतील, ती तिथल्या तिथे द्या. ज्यांचं उत्तर खरंच कुणाकडे नाही, ते तुमचे. त्यांतून एखादाच तुमच्या वेळेत आणि पैशात बसेल. कोणता घेतला, कोणते सोडले आणि का सोडले, हे एका पानावर मराठीत लिहून परत त्याच लोकांसमोर वाचा. ही परतफेरी टाळली की पुढच्या वर्षी येणाऱ्या संशोधकाला तेच गाव दार उघडत नाही.

रकान्यात हे सगळं लिहा आणि त्याला अंदाजपत्रकात वेगळी ओळ द्या : मजुरीची भरपाई, प्रवास, दुभाषा लागत असेल तर त्याचं मानधन, परतफेरीचा खर्च. विषय नोंदवण्याआधी तीन-चार महिने यासाठी मागून घ्या. मार्गदर्शक कुरकुरले तर त्यांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दाखवा, संशोधनाच्या आधी, चालू असताना आणि नंतरही समुदायाला सामील करून घ्यावं अशी अपेक्षा त्यांत आहे. आणि बैठकीत तुमचा ठरवलेला विषय तळाला गेला, तर तो सोडायची तयारी ठेवूनच गावात जा. ती नसेल तर लोकांना त्यांची संध्याकाळ मागू नका.